प्रति: शिस्त समिती असून भागत नाही
काही जण म्हणतात की प्रत्येक पक्षात शिस्त समिती असतेच, मग सदस्यांच्या तक्रारी ऐकून निकाल द्यायला पक्षात वेगळा लवाद कशाला. असते ना, पण ती नेमतो कोण आणि काढतो कोण? आमच्या तालुक्यात गट समितीच्या निवडीवर आम्ही तक्रार केली, तर ऐकायला बसले ते ज्यांनी निवड केली तेच. आम आदमी पक्षाने माजी नौदलप्रमुख ॲडमिरल रामदास यांना पक्षाचा लोकपाल, म्हणजे पक्षातल्या तक्रारी तपासणारा, केलं होतं, खरंच चांगली गोष्ट होती ती, पण मार्च २०१५ मध्ये नेतृत्वाचा वाद पेटला आणि नेमकी गरज होती तेव्हाच त्यांना बाजूला केलं.

आणि निवडणूक आयोगाकडे जा म्हणाल, तर तो पक्षाच्या चिन्हाचा वाद सोडवतो, साध्या सदस्याची तक्रार नाही. आपल्या गोव्यात २०१९ ला काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपात विलीन झालो म्हणाले, २०२२ च्या फेब्रुवारीत हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने ते ग्राह्यही धरलं, पावती फाडून सदस्य झालेल्याला कोणी विचारलं पण नाही. म्हणून म्हणतो, लवाद सदस्यांनीच मतदानाने निवडावा, त्याची मुदत ठरलेली असावी आणि अध्यक्षाला तो मध्येच हलवता येऊ नये, एवढं तरी पक्षाच्या घटनेत लिहून घ्या.