सल्ला हवाय: रुग्णसाहित्य केंद्रातली लोकांची माहिती कशी जपायची? (बजेट वर्षाला ५ हजार)

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. सांगलीत गावभागात आमचा छोटा ट्रस्ट आहे, नोंदणी झालेला, पाच विश्वस्त आणि वेळ मिळेल तसे येऊन बसणारे आम्ही सातआठ जण. व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, फाउलर कॉट (पाठ-पाय वर करता येणारी खाट), एअर बेड, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन) अशा वस्तू डिपॉझिट घेऊन वापरायला देतो. शिवाय जूनमधे वीसेक मुलांच्या वह्या आणि फी. वस्तू नेणाऱ्याकडून आधारची झेरॉक्स, मोबाइल, पत्ता, डॉक्टरांची चिठ्ठी घेतो आणि रजिस्टरला नाव, वस्तू, डिपॉझिट, "कशासाठी" असे रकाने आहेत. हे सगळं आधीपासून असंच चालत आलंय, मीही कधी विचार केला नव्हता.

गेल्या महिन्यात आमच्यातल्या एकाने "या महिन्यात ४१ वस्तू दिल्या" म्हणून कौतुकाने रजिस्टरच्या पानाचा फोटो ट्रस्टच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकला. ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं आहेत, देणगीदार, त्यांचे नातेवाईक, सगळेच. त्या पानावर एका काकूंच्या नावापुढे "एअर बेड, मिस्टरांसाठी, कॅन्सर शेवटची स्टेज" असं लिहिलेलं होतं. काकांना घरात कुणी हे सांगितलंच नव्हतं. एका लांबच्या नातेवाईकाने फोटो बघितला आणि थेट काकांनाच फोन लावला, धीर धरा म्हणून.

नंतर काकू एअर बेड परत द्यायला आल्या. भांडल्या नाहीत. डिपॉझिट परत घेताना सही केली, पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, हे पान आता कोण कोण बघणार? मला उत्तर देता आलं नाही.

तर विचारायचंय की पाच हजारात बसेल असं काही सॉफ्टवेअर आहे का, कपाटात ११ वर्षांच्या आधार झेरॉक्सचे नाडीने बांधलेले गठ्ठे आहेत त्यांचं काय करू, आणि तो नवीन डेटाचा कायदा आमच्यासारख्यांना लागतो का.

डेटाबेस_दादा
ताई, आमच्या संस्थेने पुण्यातल्या एकाकडून सगळं सॉफ्टवेअर बनवून घेतलं. प्रत्येकाला वेगळं लॉगिन, प्रत्येक वस्तूला बारकोड, कोणी काय उघडलं ते दिसतं, वस्तू परत यायची तारीख झाली की आपोआप मेसेज. पावणेदोन लाख लागले पण आज कोणीही येऊन बघावं असं काम आहे. पाच हजारात काहीच होत नाही, उगाच स्वस्तात जाऊ नका, एखादा देणगीदार बघा.

कृष्णाकाठची
दादा, पावणेदोन लाखात माझे तीन कॉन्सन्ट्रेटर येतील. पाच हजार म्हणजे पाच हजारच.

एक्सेलवाला_साताऱ्याचा
एक्सेल. विषय संपला. चौदा वर्षं आमच्या रक्तदात्यांची यादी एक्सेलमधे आहे, पासवर्ड टाकलेला, एक पैसा खर्च नाही. मधे लॅपटॉप रिपेअरला टाकला तेव्हा हार्डडिस्क गेली आणि तीन वर्षांच्या नोंदी गेल्या ते सोडा, पण आता पेन ड्राइव्हवर कॉपी ठेवतो.

गूगल_भक्त
एक्सेल लॅपटॉपवर ठेवू नका हो. गूगलची नोंदणीकृत संस्थांसाठी फुकट योजना आहे, त्यात शीट ठेवा, दोघांनाच परवानगी द्या, टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. एक मात्र बघा, शीटची "लिंक असेल त्या सगळ्यांना दिसेल" ही सेटिंग कधीही ठेवू नका. आमच्या सोसायटीत तसं झालं होतं, कामवाल्या मावश्यांचे पत्ते आणि फोटो बाहेर फिरत होते.

डेटाबेस_दादा
गूगलवर ठेवायचं म्हणजे परदेशात ठेवायचं. स्वतःचा सर्व्हर घ्या.

कागदच_बरा
सर्व्हर काय आणि शीट काय, कागदावर ठेवा, कुलूप लावा. नवीन कायदा फक्त डिजिटल माहितीला आहे, कागदाला लागतच नाही. मी मुद्दाम वाचलाय.

सीए_मिरज
कागदच_बरा, अर्धंच वाचलंत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा डिजिटल माहितीला लागतो आणि कागदावर घेऊन नंतर डिजिटल केलेल्या माहितीलाही लागतो. रजिस्टरच्या पानाचा फोटो काढून मोबाइलवर फिरवला की कागद कागद राहिला नाही, निदान मी तरी त्या भरवशावर बसणार नाही.

ताई, नियम नोव्हेंबर २०२५ मधे आले आणि मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मधे लागू होतात. धर्मादाय संस्था म्हणून सरसकट सूट कायद्यात नाही. थोडक्यात असं की माहिती कशासाठी घेताय ते साध्या भाषेत आधी सांगायचं, मराठीतही उपलब्ध ठेवायचं, तेवढ्याच कामाला वापरायची, काम संपलं की खोडायची, माणूस नको म्हणाला की थांबायचं. बाहेर फुटली तर ज्यांची आहे त्यांना आणि सरकारच्या डेटा संरक्षण मंडळाला कळवायचं. २५० कोटी दंड म्हणून व्हॉट्सॅपवर जे फिरतं ती कमाल मर्यादा आहे, घाबरू नका पण दुर्लक्षही नको.

आणि एक गल्लत सगळे करतात म्हणून सांगतो. देणगीदाराची माहिती आणि वस्तू नेणाऱ्याची माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देणगीदाराला ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत हवी असेल तर पॅन वगैरे लागतोच, तो १०बीडी या देणगीदारांच्या विवरणपत्रात ३१ मेपर्यंत भरायचा असतो, आणि ट्रस्टची हिशेबाची कागदपत्रं दहा वर्षं ठेवायला लागतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय, फॉर्मचे नंबर तुमच्या सीएंना विचारून घ्या. पण व्हीलचेअर नेणाऱ्याचं आधार ठेवा असं मला तरी कुठल्याही कायद्यात दिसलेलं नाही. ती आपलीच पद्धत.

एक्सेलवाला_साताऱ्याचा
८०जी वरून आठवलं, दोन हजारांच्या वर रोख दिलं तर सवलत मिळत नाही हे लोकांना सांगून सांगून थकलो. दरवर्षी मार्चमधे एक तरी भांडायला येतोच.

झेरॉक्स_बंद_करा
आधारची झेरॉक्स देऊच नका असं सरकारनेच सांगितलंय!! मे २०२२ मधे पत्रक निघालं होतं, मास्क्ड आधार द्या म्हणून. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.

कागदच_बरा
ते पत्रक दोन दिवसांत मागे घेतलं. तुम्हीही अर्धंच वाचता.

झेरॉक्स_बंद_करा
मागे घेतलं म्हणून मास्क्ड आधार बंद झालं का? आधारच्या वेबसाइटवरून आजही डाउनलोड होतं. मी लॉजवाल्यांना सुद्धा तेच देतो.

कागदच_बरा
गावभागातल्या सत्तर वर्षांच्या आजी ओटीपी टाकून मास्क्ड आधार काढणार आहेत का? नवऱ्याला धाप लागलीय आणि कॉन्सन्ट्रेटर हवाय अशा वेळी?

लेस्टरहून_मावशी
इथे इंग्लंडमधे आम्ही मंडळ चालवतो, इथला नियम कडक आहे, कुणी स्वतःची माहिती मागितली तर एका महिन्यात द्यावी लागते. तरीही चूक झाली. आमच्यातल्या एकीने आजारी सभासदांना मदत म्हणून मेल पाठवला आणि सगळे पत्ते बीसीसीऐवजी (तिथे एकमेकांचे पत्ते दिसत नाहीत) टू मधे घातले. प्रत्येकाला कळलं दुसरं कोण आजारी आहे. सॉफ्टवेअर होतं, पॉलिसी होती, ट्रेनिंग झालं होतं. तेव्हापासून ती यादीच ठेवत नाही, एकेकाला फोन करतो. वेळ जातो, जाऊ दे.

पूर_पाहिलेला
सांगली म्हणालात म्हणून लिहितोय. २०१९ च्या ऑगस्टमधे आमच्या वाचनालयाच्या तळमजल्यात पाणी आलं. पाणी ओसरल्यावर सभासदांची रजिस्टरं, फॉर्म, आधारच्या प्रती सगळं रस्त्यावर उन्हात पसरलं, वर दगड ठेवले वाऱ्याने उडू नये म्हणून. येणारा जाणारा वाकून वाचत होता, कुणाचा फोटो कुठे चिकटलाय बघत होता. आम्हाला तेव्हा पुस्तकंच सुचत होती. २०२१ ला परत पाणी आलं तोवर कपाट वरच्या मजल्यावर नेलं होतं. तुमची खोली खाली असेल तर आधी कपाट वर न्या, बाकीचं नंतर.

डेटाबेस_दादा
क्लाउडवर असतं तर पुरात भिजलं नसतं. मी हेच सांगतोय.

गूगल_भक्त
दादा, मघाशी तुम्हीच स्वतःचा सर्व्हर घ्या म्हणालात.

रात्रपाळी_सिस्टर
बावीस वर्षं वॉर्डात काढलीत, आता घरी जाऊन पेशंट बघते. मला सॉफ्टवेअरमधलं कळत नाही. पण ताई, "कशासाठी" हा रकाना तुम्हाला लागतो कशाला? कॉन्सन्ट्रेटर देताना मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन लावायचाय ते कळलं पाहिजे, कारण पाच लिटरचं मशीन आणि दहा लिटरचं मशीन वेगळं. एअर बेडला आणि कॉटला पेशंटचं वजन कळलं पाहिजे. वॉकरला उंची. आजाराचं नाव यातल्या कशालाच लागत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी बघा, लिटर लिहून घ्या, चिठ्ठी त्यांच्या हातात परत द्या. वॉर्डात आम्ही सुद्धा नातेवाईकांसमोर निदान मोठ्याने बोलत नाही, घरोघरी काय सांगितलंय आणि काय नाही ते आपल्याला माहीत नसतं. काकूंचं वाचून फार वाईट वाटलं. असे काका मी बघितलेत, त्यांना बहुतेक वेळा कळलेलं असतं, पण ते आपल्या माणसाच्या तोंडून कळायला हवं.

एक्सेलवाला_साताऱ्याचा
सिस्टरांचं बरोबर आहे. मी पण तेच म्हणणार होतो.

शाळामास्तर
वह्यावाटपाचं कुणी बोललंच नाही. मुलांचे फोटो, नाव, शाळा, वडील काय करतात हे सगळं फेसबुकवर टाकता का? आमच्या शाळेतली एक हुशार मुलगी अशा फोटोनंतर आठ दिवस शाळेत आली नाही. वर्गातल्या पोरांनी मोबाइलवर बघितलं होतं. नवीन कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायला पालकांची खात्रीशीर संमती लागते, पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

डेटाबेस_दादा
फोटो नाही टाकले तर देणगी कशी येणार? देणाऱ्याला दिसायला हवं पैसे कुठे गेले.

शाळामास्तर
वह्यांच्या गठ्ठ्याचा फोटो टाका. बिलाचा टाका. पोरीचा चेहरा कशाला?

कृष्णाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी विश्वस्तांची बैठक झाली, काय ठरलं ते सांगते, बऱ्याच जणांना पटणार नाही.

सॉफ्टवेअर घेत नाही, शीटही करत नाही. आधारची झेरॉक्स घेणं बंद. कार्ड बघायचं, नाव जुळलं की परत द्यायचं, नंबर कुठेही लिहायचा नाही. डिपॉझिट थोडं वाढवलंय, ज्यांना ते जड जाईल त्यांना ओळखीच्या एकाची सही चालेल. चिठ्ठीचं सिस्टरांनी सांगितलं तसं. व्हॉट्सॅप ग्रुपवर फक्त विश्वस्तच लिहू शकतील अशी सेटिंग केली आणि पानाचा फोटो काढायचा नाही हे मिनिट बुकात लिहिलं. मुलांचे जुने फोटो पेजवरून काढायला घेतलेत. देणगीदारांचं सगळं आमच्या सीएंकडे वेगळ्या फाइलला.

बैठकीत एक विश्वस्त म्हणालेच की आधार नाही घेतलं तर वस्तू परत येणार नाहीत. म्हणून आदल्या रात्री मी मागच्या पाच वर्षांची रजिस्टरं चाळली होती. सहा वस्तू परत आल्या नाहीत. सहाही जणांची आधार झेरॉक्स आमच्या कपाटात होती. आम्ही त्या झेरॉक्सचं काय केलं? काही नाही. दोन फोन केले, एकदा घरी गेलो, खोली बदललेली होती. आणि उरलेल्या शेकडो लोकांचे कागद, ज्यांनी वस्तू पुसून, कव्हर धुऊन परत आणून दिल्या, ते उगाच गठ्ठ्यात पडून होते.

चार हजारात छोटं श्रेडर (कागदाचे बारीक तुकडे करणारं मशीन) मिळत होतं पण ते एका वेळी पाचसहा कागद घेतं, ११ वर्षांचे गठ्ठे कधी संपायचे. म्हणून विश्वस्तांचा ठराव करून आम्ही तिघी बादल्या घेऊन बसलो. कागद फाडून रात्रभर भिजत ठेवायचे, सकाळी हाताने लगदा करायचा. नाडी सोडली तेव्हा वरच्याच झेरॉक्सवर एका आजोबांचा फोटो होता, ते जाऊन सात वर्षं झाली. मी त्यांना ओळखत होते. रद्दीत एकही कागद दिला नाही. दोन दिवस लागले, अजून निम्मे गठ्ठे राहिलेत.

कागदच_बरा
म्हणजे शेवटी कागदच. मी पहिल्यापासून हेच सांगत होतो.

डेटाबेस_दादा
तुमची मर्जी. पण आधार न घेता कॉन्सन्ट्रेटर देणं मला पटत नाही, चाळीस-पन्नास हजारांची वस्तू आहे. वर्षाने इथेच येऊन सांगा काय झालं ते.

कृष्णाकाठची
दादा, कॉन्सन्ट्रेटरला आमच्यातला कुणीतरी घरी जाऊन जोडून देतो, तेव्हा घर बघितलेलंच असतं. आणि वर्षाने नक्की लिहीन, वाईट झालं तरी लिहीन.

सीए_मिरज
एक करा, डिपॉझिटची पावती बुकं मात्र भिजवू नका. ती हिशेबात येतात.

कृष्णाकाठची
बाजूला काढलीत काका. फक्त "कशासाठी" हा रकाना जिथे आहे तिथे प्रत्येक ओळीवर काळ्या शाईने पट्टी ओढतेय. काकूंच्या पानापासून सुरुवात केली. त्यांना फोन करून सांगितलं, त्या बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला.

विश्रामबागचा
ताई तुमच्याकडे आत्ता कॉन्सन्ट्रेटर शिल्लक आहे का? माझ्या आईला उद्या डिस्चार्ज आहे, तिला डॉक्टर म्हणालेत की

कृष्णाकाठची
आहे, पाच लिटरचा एक आहे. आईंचं काही इथे लिहू नका, मला व्यनि (खाजगी निरोप) करा. फक्त किती लिटर सांगितलेत तेवढं कळवा, सकाळी नऊला खोली उघडते.