मदत हवी आहे : सुपरहीटरच्या नळ्यांचे वेल्डिंग, नागपूर

नमस्कार. ५ इंच गेजच्या (म्हणजे रुळांमधील अंतर ५ इंच असलेल्या) वाफेच्या रेल्वे इंजिनाच्या प्रतिकृतीसाठी मी सुपरहीटरच्या, म्हणजे बॉयलरमधून आलेली वाफ आणखी तापवणाऱ्या, नळ्या तयार करीत आहे. त्यांची टोके थेट फायरबॉक्समध्ये, निखाऱ्यांच्या वर येणार असल्यामुळे साधारण ६०० ते ७०० अंश सेल्सिअसला वितळणारा चांदीचा झाळ तेथे टिकणार नाही; म्हणून ३१६ एल प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची नळी घेऊन परतीचे (यू आकाराचे) वळण टिग वेल्डिंगने (टंगस्टन इलेक्ट्रोड व आरगॉन वायू वापरून केल्या जाणाऱ्या वेल्डिंगने) जोडण्याचा विचार आहे. वेल्डिंगच्या वेळी नळीच्या आतूनही आरगॉन सोडून हवा बाहेर काढली नाही, तर आत खरखरीत काळी खपली धरते, आणि तिचे कण सुटून वाफेबरोबर सिलिंडरपर्यंत जाऊ शकतात. हिंगणा एमआयडीसीच्या परिसरात १ मिलिमीटर जाडीच्या नळीचे असे काम करणारा वेल्डर (दुधाच्या टाक्यांचे काम करणाराही चालेल) कोणाच्या परिचयाचा आहे का? जलदाब चाचणी (नळीत पाणी भरून दाब देण्याची) कामकाजी दाबाच्या दुप्पट घेतलेली पुरेल का, हेही कृपया कळवावे.