मदत हवी आहे: मनश्शेचा पश्चात्ताप खरा, तर मग यहूदावर कोप का?

सर्वांना सलाम. येत्या रविवारी तरुण संघात बायबलमधल्या यहूदा राज्याच्या मनश्शे राजावर बोलायचं आहे आणि एका जागी गाडी अडली आहे.

२ राजे २१ मध्ये (बायबलचं 'दुसरे राजे' पुस्तक, अध्याय २१) तो वाईटच: ५५ वर्षं राज्य, मंदिराच्या अंगणात आकाशातल्या ताऱ्यांसाठी वेद्या, स्वतःच्या मुलाचा अग्नीत होम, यरुशलेमभर निर्दोषांचं रक्त. पश्चात्तापाचा शब्दही नाही. २ इतिहास ३३ मध्ये मात्र अश्शूरी सेनापती त्याला बेड्या घालून बाबेलला नेतात, तिथे तो देवापुढे नम्र होतो, परत येऊन मूर्ती शहराबाहेर फेकतो. एवढा मोठा बदल पहिल्या लेखकाने गाळला कसा? (हिज्कीयासारख्या देवभीरू राजाच्या पोटी हा, हेही एक कोडंच.)

त्याहून अवघड २ राजे २३:२६. मनश्शेचा नातू योशीया राजा याने एवढी सुधारणा करूनही मनश्शेमुळे पेटलेला कोप शमत नाही. म्हणजे माणसाला क्षमा, पण राष्ट्राला परिणाम भोगावेच लागतात? मला तसं वाटतं, पण कॉलेजची मुलं 'मग पश्चात्ताप कशाला?' विचारणारच.

इतिहासाचं पुस्तक बाबेलच्या बंदिवासातून यहूदी परतल्यानंतरच्या वाचकांसाठी लिहिलं गेलं, हा धागा धरून कोणी शिकवलंय का? मनश्शेचा मुलगा आमोन याने बापाचं कोणतं रूप पाहिलं असेल, यावरही सांगा. पाळक मंडळींनी जरूर लिहा.