इमारतींची अमूर्त प्रकाशचित्रे: छज्ज्यांच्या सावल्या आणि आकाशाकडची पांढरी कड

कोपरा_खिडकी
मंडळी, ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको (१९३०-४०च्या दशकांतली, गोल कोपरे आणि आडव्या छज्ज्यांची शैली) इमारतींची अमूर्त प्रकाशचित्रे काढायची आहेत. नुसत्या रेषा, गोलाई आणि सावल्या हव्यात. २४ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरचा) कॅमेरा आणि ७०-२०० मिमी झूम लेन्स आहे. तीन अडचणी येतात.
१) छज्जे सपाट दिसतात, खोली येत नाही.
२) उभ्या रेषा सरळ केल्या की वरचे मजले ताणल्यासारखे आणि धूसर दिसतात.
३) कृष्णधवल करताना आकाश गडद केले की भिंतीच्या कडेला पांढरी रेघ उमटते आणि आकाशात पट्टे दिसतात.
चूक कॅमेऱ्यात होते की संपादनात?

उन्हाची_तिरीप
पहिली अडचण वेळेची आहे. ओव्हलच्या पश्चिमेची आर्ट डेको रांग पूर्वेकडे तोंड करून आहे, मरीन ड्राइव्हची साधारण पश्चिमेकडे. म्हणून ओव्हलला सकाळी आणि मरीन ड्राइव्हला दुपारनंतर जायचे, एवढे बहुतेकांना माहीत असते. पण कोवळे ऊन भिंतीवर समोरून पडते आणि छज्ज्याची सावली त्याच्या मागेच दडते. खोली हवी असेल तर ऊन भिंतीला घासून खाली उतरायला हवे.

मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्यात आणि जुलैअखेरीस सूर्य डोक्यावरून जातो. जुलैत ढग असतात, म्हणून खरा उपयोग मे महिन्याचा. तेव्हा मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, साधारण १२.३५ला. ओव्हलच्या भिंतीवर १०.३५ला सावली छज्ज्याच्या रुंदीच्या दुपटीहून थोडी कमी असते आणि ११.३५ला जवळपास चारपट. म्हणजे छज्जा ४५ सेंमी बाहेर आला असेल तर पावणेदोन मीटर सावली, खिडकी जवळजवळ झाकणारी. त्यानंतर ती मिनिटामिनिटाला लांबते आणि साडेबाराच्या सुमारास पूर्ण भिंतच सावलीत जाते. मरीन ड्राइव्हला हाच क्रम उलटा, पाऊण ते दोन या वेळात. तिथला किनारा वळत जातो, त्यामुळे चौपाटीकडच्या इमारतींची वेळ थोडी वेगळी पडते.

दुपारचे ऊन वाईट हा नियम निसर्गचित्रांचा आहे. गोल कोपऱ्यावरून वळत जाणाऱ्या छज्ज्यांसाठी याहून चांगला प्रकाश नाही. पांढऱ्या रंगाची भिंत जळू नये (तपशील जाऊन नुसती पांढरी होऊ नये) म्हणून एक्स्पोजर २/३ ते १ स्टॉप कमी ठेवा (एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश). आयएसओ १००, एफ/८, शटर १/५००च्या आसपास.

ओळंबा
दुसऱ्या अडचणीचे कारण अंतर. ३० मीटरवरून १५ मीटर उंचीवरची खिडकी टिपायची तर कॅमेरा सुमारे २४ अंश वर करावा लागतो. १०० मीटरवरून जेमतेम ८ अंश. ८ अंशांची दुरुस्ती सॉफ्टवेअर सहज करते. २४ अंशांत वरच्या भागातले पिक्सेल इतके ताणले जातात की तपशील उरतच नाही, मग धार कितीही वाढवा.

तेव्हा ओव्हलला मैदानात मागे सरका. १०० मीटरवरून २०० मिमीला फुलफ्रेमवर साधारण १८ × १२ मीटरची चौकट मिळते, म्हणजे तीन-चार मजले. अमूर्तासाठी तेवढे पुरे. मात्र तापलेल्या जमिनीवरून इतक्या लांबून टिपताना हवा थरथरते आणि रेषा लाटेसारख्या येतात. एकाच चौकटीचे १०-१२ शॉट घ्या, त्यातला एखादा नीट निघतो.

लाइटरूम या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्रम पाळा: आधी लेन्स प्रोफाइल (लेन्सच्या दोषांची तयार दुरुस्ती), मग ट्रान्सफॉर्ममधले गाइडेड, त्यात इमारतीच्या कडांवर दोन उभ्या आणि एक आडवी रेघ ओढा. इमारत उंच वाटू लागली तर अॅस्पेक्ट या स्लायडरने थोडी दाबा. या दुरुस्तीत कडा कापल्या जातात, म्हणून टिपतानाच चारी बाजूंनी १५ टक्के जागा सोडा. आणि रेषा तिरप्याच हव्या असतील तर चांगल्या ३० अंशांनी तिरप्या करा. दोन-तीन अंशांचा तिरपेपणा निव्वळ चूक वाटतो.

करडा_पडदा
पांढऱ्या कडेबद्दल. कृष्णधवल मिक्सरमध्ये (प्रत्येक रंग किती गडद-उजळ दिसावा ते ठरवणारे स्लायडर) निळा -७० वगैरे नेला की आकाश गडद होते, पण भिंतीच्या कडेवरचे पिक्सेल अर्धे निळे, अर्धे भिंतीच्या रंगाचे असतात. ते तेवढे गडद होत नाहीत आणि रेघ दिसते. लेन्सची जांभळी किनार उरली असेल तर आणखी ठळक. म्हणून:

- रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) आधी क्रोमॅटिक अॅबरेशन, म्हणजे ती रंगीत किनार, काढा. निळा -२५च्या खाली नेऊ नका. क्लॅरिटी आणि डीहेझ हे कॉन्ट्रास्ट वाढवणारे स्लायडर आकाशाजवळ नकोच.
- १६ बिट टिफ (८ बिटपेक्षा खूप जास्त छटा साठवणारी फाइल) फोटोशॉपमध्ये घ्या, रंगीतच. पिवळसर भिंत निळ्या चॅनेलमध्ये गडद आणि आकाश उजळ असते. त्या चॅनेलची प्रत काढून लेव्हल्सने काळे-पांढरे वेगळे करा, की आकाशाचा मास्क (बदल फक्त आकाशावर लागू करणारा मुखवटा) तयार. भिंत पांढरीशुभ्र असेल तर हे जमत नाही. तिथे पेन टूलने कड आखा, फेदर (कडेचा मऊपणा) ०.५ ते १ पिक्सेल.
- आकाश कर्व्हने गडद करा. तरी रेघ उरलीच तर मास्क एक पिक्सेल भिंतीच्या बाजूला सरकवा.

पट्टे येतात ते ८ बिटमध्ये ताणल्यामुळे. सगळे झाल्यावर आकाशावर २ टक्के एकरंगी नॉइज घाला आणि जेपेग अगदी शेवटी करा.

एक आग्रह आहे. भिंतीवर ग्रेडियंट घालाल तेव्हा प्रकाशाची दिशा खऱ्या सावलीशी जुळू द्या. छज्ज्याची सावली खाली पडते आणि भिंत खालून उजळते, अशी चित्रे बघवत नाहीत.

कोपरा_खिडकी
फार उपयोगी, आभार. एसीची बाहेरची युनिटे आणि वायरी काढून टाकायच्या का? आणि काचेच्या इमारती टिपताना पोलरायझर (चकाकी आणि प्रतिबिंबे कमी करणारा फिल्टर) लावावा का?

करडा_पडदा
वायरी काढा. युनिट सावलीच्या रेषेत असेल तर काढायला जाऊ नका, तिथली सावली खोटी रंगवावी लागते. चौकटच हलवा.

ओळंबा
पोलरायझर काचेच्या पृष्ठभागाशी साधारण ३५ अंशांवरून सर्वात जास्त परिणाम करतो, समोरून जवळजवळ काहीच नाही. अमूर्तात प्रतिबिंब हाच विषय असतो, तेव्हा ते घालवण्याआधी विचार करा. शिवाय टफन्ड (उष्णतेने कडक केलेल्या) काचेवर त्याने ठिपके आणि पट्टे उमटतात. तो काच तापवून झटकन थंड करताना राहिलेला ताण असतो, लेन्सचा दोष नाही. ते संपादनात काढणे महाकठीण, म्हणून एक शॉट पोलरायझरशिवाय घ्याच.