क्लाइंबिंगसाठी टिकाऊ पॅन्ट कोणती घ्यावी? पाच महिन्यांत दोन गेल्या

अंबडकर_रोप
नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे पण मी वैतागलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. गणपतीनंतर क्लाइंबिंग सुरू केलं, आठवड्यातून दोन संध्याकाळी वॉलवर (सरावाच्या कृत्रिम भिंतीवर) जातो आणि रविवारी ग्रुपसोबत बाहेर, कधी अंजनेरीच्या बाजूला तर कधी ब्रह्मगिरीकडे. तेवढ्यात दोन पॅन्ट गेल्या. पहिली घरातलीच स्ट्रेच जीन्स, एका स्टेपला पाय कमरेच्या वर उचलला आणि आसनात टर्रकन गेली. दुसरी ऑनलाइन घेतलेली ट्रेकिंग पॅन्ट, वजनाला हलकी, वाळायला मस्त, पण मनमाडजवळच्या हडबीच्या शेंडीच्या सुळक्यावरून आल्यावर बघतो तर बुडाशी कापड जाळीसारखं झालंय, उजेडात धरलं की पलीकडचं दिसतं, आणि दोन्ही गुडघ्यांवर लव आलीय.

फेब्रुवारीच्या शेवटी अलंग-मदन किल्ल्यांचं ठरलंय, त्याआधी एक धड पॅन्ट हवी. बजेट अडीच हजारापर्यंत. कॉटन घेऊ की नायलॉन? स्ट्रेच हवाच का? आणि क्लाइंबिंग पॅन्ट म्हणून जी महाग मिळते तिच्यात खरंच काही वेगळं असतं की फक्त नाव? कंपनीत आठवडाभर उभं राहून एक रविवार मिळतो, तो पॅन्टच्या काळजीत घालवायचा नाहीये.

सह्यवेडा_पंचवटी
आधी एक सांग, जीन्सचं कापड फाटलं की शिलाई उसवली? नीट बघ आणि सांग, कारण औषध त्यावर ठरणार.

आपल्या नेहमीच्या पॅन्टला आसनात चार शिलाया एका ठिकाणी येऊन मिळतात, पुढची, मागची आणि दोन्ही पायांची आतली. सपाटीवर चालताना तिथे काही ताण येत नाही पण हाय स्टेप मारली की मांडीचं सगळं कापड त्या एका चौकाला ओढतं, आणि मग जिथला धागा सगळ्यात कच्चा तिथून सुरुवात होते. क्लाइंबिंगच्या पॅन्टमध्ये त्या जागी पतंगाच्या आकाराचा एक वेगळा तुकडा बसवलेला असतो, त्यामुळे चारही शिलाया एका बिंदूत भेटतच नाहीत आणि ओढ चारी बाजूला वाटली जाते. महाग पॅन्टमध्ये पैसे द्यायचे असतील तर ते या तुकड्याचे द्यायचे, दुसरं म्हणजे गुडघ्याला दिलेल्या चुण्यांचे, ज्याने गुडघा वाकवल्यावर कापड वर चढत नाही. बाकी झिप, चेन, चार खिसे याला माझ्या लेखी काही किंमत नाही.

दुकानात ट्रायल रूममध्ये आरशात बघत बसू नकोस. एक पाय स्टुलावर ठेव, गुडघा छातीला लाव, मग पूर्ण उकिडवा बस. मागून कमर खाली घसरली किंवा मांडीवर कापड तंग झालं तर ती पॅन्ट तिथेच ठेवून ये, कितीही सुंदर असली तरी. हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा आणि मांड्यांचा पट्टा) घेऊन जायची लाज वाटत नसेल तर तो चढवून हेच परत कर.

आता बुडाचं. शेंडीचा पॅच, म्हणजे उभ्या कातळाचा टप्पा, तर दोरावरच उतरला असणार, मग बूड घासलं कुठे? खालच्या घसाऱ्यावर बसत बसत उतरलास ना? आपला कातळ म्हणजे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे झिओलाइटचे स्फटिक भरले (सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये जे बघतो ते हेच) आणि जिथे पोकळी रिकामी राहिली किंवा स्फटिक गळून गेला तिथे नुसत्या धारदार कडा उरल्या. त्यावर मुरूम पसरलेला. अशा जागी बूड टेकवून सरकणं म्हणजे पॅन्टवर कानस फिरवणं, तिथे पाच हजारांची पॅन्टसुद्धा टिकत नाही. कातळाकडे तोंड करून, हातपाय लावून उतरायची सवय कर. पॅन्टपेक्षा तुझ्यासाठीच ते जास्त सुरक्षित आहे.

मालेगावचा_लूमवाला
घरात दोन पिढ्या पॉवरलूम आहेत त्यामुळे कापडाबद्दल लिहितो, क्लाइंबिंग मला जेमतेम येतं.

फाटणं आणि झिजणं हे दोन वेगळे आजार आहेत आणि लोक एकाच्या औषधावर दुसऱ्याचा भरवसा ठेवतात. रिपस्टॉप म्हणजे ज्या कापडात बारीक चौकटी दिसतात ते, त्यात थोड्या थोड्या अंतरावर जाड धागा घातलेला असतो, त्याचं काम एवढंच की काट्याने भोक पडलं तर ते पुढे चिरत जाऊ नये. करवंदाच्या जाळीतून जायचं असेल तर उत्तम. पण दगडावर घासलं गेलं तर पातळ रिपस्टॉप हे पातळ कापडच, ते झिजणारच, तुझी ट्रेकिंग पॅन्ट बहुतेक याच जातीची होती.

घासण्याला उत्तर दोनच, धाग्याची जात आणि कापडाचं वजन. सारख्या वजनात पॉलिस्टरपेक्षा नायलॉन घासण्याला जास्त तग धरतो, म्हणून लेबलवर नायलॉन किंवा पॉलिअमाइड लिहिलंय का बघ, दोन्ही एकच. वजन म्हणजे जीएसएम, एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. हलक्या ट्रेकिंग पॅन्ट दीडशेच्या आसपास किंवा त्याच्याही खाली असतात, आणि जाड जीन्स जिला बारा औंस म्हणतात ती चारशेच्या पुढे. कातळासाठी 200 ते 280 च्या मधलं घे. त्याच्या खाली टिकत नाही, त्याच्या वर घामाने हाल होतात. लेबलवर जीएसएम लिहिलेलं नसेल तर कापड दुहेरी करून उजेडात धर, दुहेरीतूनही बोटांची सावली दिसली तर सोड.

स्ट्रेचचा धागा, स्पॅन्डेक्स म्हणा नाहीतर इलास्टेन, दोन ते चार टक्के पुरतो. तो रबरासारखा असतो, गरम पाणी आणि ब्लीच त्याला मारतं, मग गुडघ्याला फुगे येतात ते परत बसत नाहीत. थंड पाण्यात धुवायचं आणि सावलीत वाळत घालायचं, नायलॉन उन्हातही कमजोर होतो.

कॉटनला लोक उगाच नावं ठेवतात. जाड ड्रिल कापड कोरड्या कातळावर फार छान चालतं, आणि दोर घासून तापला किंवा रॅपलिंगनंतर गरम डिसेंडर (दोरावरून उतरायचं धातूचं साधन) मांडीला लागला तर कॉटन वितळत नाही, नायलॉनला भोक पडतं. शेकोटीची ठिणगीही तशीच. कॉटनचा दोष एकच पण मोठा, ते पाणी पितं आणि लवकर वाळत नाही, म्हणून पावसात किंवा थंडीच्या मुक्कामात नको. अलंगला रात्र गुहेत काढणार असशील तर झोपायला वेगळी कोरडी पॅन्ट ने.

गंगापूररोड_क्लाइंब
वरचं सगळं बरोबर आहे, मी हार्नेसच्या बाजूने भर घालते कारण मला त्यानेच जास्त त्रास झाला. रेडीमेडमध्ये आम्हा बायकांना कमरेला बसली तर मांडीला तंग आणि मांडीला बसली तर कमरेला मागून उघडी, आणि हार्नेसचा पट्टा नेमका तिथेच येतो. बेल्ट तर अजिबात नको, बक्कल हार्नेसखाली दबून हाडाला टोचतं, लटकलेलं असताना ते सहन होत नाही. आत नाडी असलेली रुंद इलॅस्टिकची कमर सगळ्यात चांगली. मागच्या खिशाला बटण किंवा रिवेट असलेली पॅन्टही नको. ते रिवेट मुळात खिशाचे कोपरे फाटू नयेत म्हणून आले, 1873 साली अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं गेलं, मजुरांच्या पॅन्टसाठी. काम चोख करतात पण चिमणीत, म्हणजे कातळातल्या अरुंद उभ्या फटीत, पाठ टेकवून वर सरकताना तेच दगडाला अडकतात आणि आजूबाजूचं कापड घेऊन जातात. आता खिशाच्या कोपऱ्यावर जवळजवळ घातलेल्या आडव्या टाक्यांची पट्टी असते, बारटॅक म्हणतात, ती असली की झालं.

मी शेवटी शिवून घेतली. सातपूरला कामगारांचे युनिफॉर्म शिवणारे टेलर आहेत, त्यांना जाड कापडाची सवय असते आणि मशीनही तसंच असतं. ड्रिल घेतलं, पन्हा 58 इंची होता, सव्वा मीटरमध्ये माझी पॅन्ट बसते पण मी दीड मीटर घेतलं, आसनाचा तुकडा आणि गुडघ्यांना आतून दुसरा थर यासाठी. कापड आधी रात्रभर पाण्यात टाकून वाळवून मगच दिलं, ड्रिल आटतं आणि आटल्यावर आसन परत तंग होतं. मास्तरांना सुरुवातीला पतंगाचा तुकडा कशाला ते पटत नव्हतं, मी दुकानातच पाय कटिंगच्या टेबलावर टाकून दाखवला तेव्हा लगेच कळलं, स्वतःच म्हणाले की धागा कॉटनचा नको पॉलिस्टरचा घालू आणि शिलाई पालटून दुहेरी मारू. त्या दुहेरी शिलाईत कापडाची कड आत दुमडलेली असते, वरून दोन समांतर रेघा दिसतात, जीन्सच्या पायाला असते तशी. दोन सीझन झाले, आसन जसंच्या तसं आहे. सगळं मिळून हजाराच्या आत झालं होतं.

अंबडकर_रोप
तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, मनापासून आभार. दादा, तुम्ही म्हणालात म्हणून जीन्स काढून बघितली. कापडाला काहीच झालेलं नाही, तो चौक सुटलाय, धाग्याची टोकं दोन्हीकडे लोंबतायत. मी पाच महिने कापडालाच दोष देत होतो. घसाऱ्याचंही खरं आहे, अर्धा तास बसूनच उतरलो. पण गुडघ्यांवर लव कशी आली ते कळलं नाही, गुडघे तर घसाऱ्यावर टेकले नव्हते.

सह्यवेडा_पंचवटी
मग ते चढताना टेकले. नवीन माणूस लेजवर (कातळातल्या अरुंद कट्ट्यावर) येताना गुडघा टेकवतो कारण पाय तेवढा वर जाईल यावर विश्वास नसतो. गुडघ्याला पकड नसते, पावलाला असते, आणि एकदा गुडघ्यावर आलास की तिथून उभं राहायला परत हाताची ताकद घालवावी लागते. वॉलवर पुढच्या दोन आठवड्यांत ठरवून कर, गुडघा लागला की खाली उतरून पुन्हा सुरुवात. आणि दर रविवारी घरी आल्यावर पॅन्ट उलटीसुलटी करून बघ कुठे घासलीय. गुडघे घासले असतील तर पायाचं काम कच्चं, एकाच मांडीची बाहेरची बाजू घासली असेल तर एकाच अंगाने कातळाला चिकटतोयस. मी माझ्या मुलांना असंच शिकवतो.

पाय खालून अरुंद ठेव किंवा इलॅस्टिक लाव. खाली बघितल्यावर स्वतःच्या शूजची टोकं दिसली पाहिजेत, अलंगच्या पॅचवर बारीक खोबणीत पाय ठेवायचा आणि मधे पॅन्टचं कापड आलं असं नको.

इगतपुरी_४२२४०३
रंगाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. काळी किंवा गडद पॅन्ट घेऊ नकोस. आपल्याकडे कड्यांवर आग्यामाशांची पोळी असतात आणि चिडलेल्या माशा गडद रंगावर जास्त जातात, दोरावर लटकलेला माणूस पळूही शकत नाही. खाकी, राखाडी, मातकट असं काहीतरी घे. दुसरं म्हणजे कुसळं, या दिवसांत वाळलेल्या गवतातून गेलं की लोकरट कापडात ती रुततात आणि आतून टोचत राहतात, कापड गुळगुळीत विणीचं बघ.

मालेगावचा_लूमवाला
हो, ड्रिल आणि ट्विल दोन्हीची वीण तिरकी असते, वरून गुळगुळीत, कुसळं फार धरत नाही. आणि जुन्या पॅन्ट टाकू नकोस. जीन्सचा चौक उसवून तिथे तो तुकडा बसवता येईल. दुसरीला बुडाला आतून ठिगळ लाव, झिजलेल्या भागापेक्षा दोन बोटं मोठं आणि कोपरे गोल कापून, चौकोनी ठिगळाचे कोपरेच आधी सुटतात.

अंबडकर_रोप
तीन आठवड्यांनी अपडेट. शिवूनच घेतली, सातपूरलाच. मातकट ड्रिल, आसनात तुकडा, गुडघ्याला दुहेरी, कमरेला नाडी. शिवायच्या आधी कापड भिजवलं तर मीटरमागे जवळजवळ चार बोटं आटलं, सांगितलं नसतं तर वाटच लागली असती. मास्तरांनी तुकडा आधी फार लहान कापला होता, तळहाताएवढा, उकिडवा बसून दाखवल्यावर बदलून वीतभर केला. कालच्या रविवारी अंजनेरीच्या बाजूला चार रूट केले, त्यात एक चिमणी होती. हाय स्टेपला कापड कुठेच ओढलं नाही, पाय वर जातोय याची जाणीवच वेगळी आहे. घसारा तोंड कातळाकडे करून उतरलो, वेळ दुप्पट लागला. घरी येऊन पॅन्ट पालथी टाकली, बूड स्वच्छ. डाव्या गुडघ्यावर रुपयाएवढा पांढरट डाग आहे, उजव्यावर काही नाही. तो कुठल्या लेजवर टेकला तेही आठवतंय, येत्या रविवारी तोच रूट परत मारणार आहे.