भयकादंबरीला गुण कशाचे द्यायचे: घाबरवण्याचे की गाव उभं करण्याचे?

गोदाकाठची (गंगाखेड)

सुट्टीत भयकादंबऱ्यांचा ढीग संपवला. आधी गुण देते, दहापैकी. मग भांडायला या.

शर्ली जॅक्सनची 'द हाँटिंग ऑफ हिल हाऊस' (१९५९): साडेनऊ. स्टीफन किंगची 'द शायनिंग' (१९७७): साडेआठ. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' (१८९७): किल्ल्यातल्या पहिल्या भागाला नऊ, पुढच्या धावपळीला सहा, सरासरी काढत नाही. नारायण धारपांची 'लुचाई': सात. आणि अलीकडच्या दोन मराठी भयकादंबऱ्या, एकीला तीन, दुसरीला साडेतीन. दोन्ही लेखक नवे आहेत, म्हणून नावं घेत नाही.

माझं म्हणणं असं की भयकादंबरीचं पहिलं काम घाबरवणं नाहीच. एखादी जागा इतकी खरी करायची की तिथलं काही बिघडलं तर वाचणाऱ्याला सांगावं लागू नये. 'शायनिंग'मध्ये भुतं फार नंतर येतात. आधी दारू सोडलेला, नोकरी गमावलेला बाप आहे. बर्फानं रस्ता तुटलेलं हॉटेल आहे, आणि त्या हॉटेलचा जुना बॉयलर रोज तपासावा लागतो, नाहीतर दाब वाढत जातो. बापाच्या डोक्यातला दाब आणि तळघरातला दाब एकाच वेळी चढत राहतात. हे बांधकाम आहे, याला गुण द्यायचे.

त्या दोन नव्या कादंबऱ्यांत काय आहे? पडका वाडा, न थांबणारा पाऊस, शहरातून आलेलं जोडपं, कमी बोलणारा म्हातारा गडी. यातला एक लेखक आपल्याच मराठवाड्यातला. ज्याच्या गावाला उन्हाळ्यात टँकर येतो तो आठ दिवसांची झड लिहितो आणि अंगणात नारळ लावतो! मला याचा मनापासून राग आला. आपल्याकडं भीती कमी आहे का? माळवदाची घरं, आटलेली बारव आणि तिच्या कोनाड्यातल्या पाण्याच्या आसरा, वाट चुकवणारा चकवा लागणारी शिवारं, भानामती, किल्लारीचा भूकंप. यातलं काहीही धड उभं केलेली मराठी भयकादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही.

माझा हिशोब: जागेला पाच, माणसांना तीन, भीतीला दोन.

रात्रपाळी (जालना)

ताई, भीतीला दोनच? ठेच्याला तिखटाचे दोन आणि ताटलीचे पाच, असं झालं हे. मला पटलं नाही.

मी सळईच्या कारखान्यात रात्रीच्या पाळीला असतो. मधल्या सुट्टीत वाचतो. आजूबाजूला भट्टीचा आवाज, माणसं, लख्ख दिवे. एवढ्या गोंगाटात ज्या पुस्तकानं मला मागं वळून बघायला लावलं त्या पुस्तकाला मी नऊच देणार, आणि ते पुस्तक 'लुचाई' आहे. सध्या पुन्हा वाचायलोय.

घाबरवणं म्हणजे काहीतरी हलकं काम, असं तुमच्या लिहिण्यात दिसायलंय. तसं नाही. धारपांची भाषा बघा. साधी, सरळ, दागिने नसलेली. बिऱ्हाड, चहा, रजेचा अर्ज, शेजारपाजार. पानंच्या पानं काही होत नाही. मग एक छोटी गोष्ट जागेवर नसते. त्यावर लेखक आरडाओरडा करत नाही, पुढं जातो, आणि आपण मात्र तिथंच अडकतो. कुठं थांबायचं, किती सांगायचं, कोणाच्या नजरेतून दाखवायचं, हे जमायला हात लागतो. जागा खरी करणारे लेखक मराठीत पुष्कळ आहेत, ग्रामीण कादंबरी त्यावरच उभी आहे. वाचकाची झोप उडवणारे किती आहेत ते सांगा. जे दुर्मीळ त्याला जास्त गुण.

पानगळ (छत्रपती संभाजीनगर)

'लुचाई'ला सात असोत की नऊ, ते गुण नक्की कोणाचे? ती किंगच्या १९७५ च्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे. 'शपथ' त्याच्याच 'इट'वर. इंग्रजी वाचल्यावर मी धारपांचे तीन गुण कापले आणि त्याचं मला काही वाटलं नाही. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचा, 'खेकडा' वाचा. तिथं भीती माणसाच्या मनातून निघते.

गोदाकाठची (गंगाखेड)

पानगळ, या मुद्द्यावर मी रात्रपाळी दादांच्या बाजूनं. 'सेलम्स लॉट' तरी कुठून आली? किंग शाळेत 'ड्रॅक्युला' शिकवत होता, हा रक्त पिणारा सरदार आजच्या अमेरिकेत उतरला तर काय होईल या विचारातून ती कादंबरी निघाली, हे त्यानंच सांगितलेलं आहे. गोष्ट घेण्याबद्दल गुण कापायचे तर आधी त्याचे कापा. मी सात दिले ते वेगळ्या कारणानं. रूपांतर करताना अमेरिकन गावाची हाडं पुरती बदलली गेली नाहीत असं मला वाचताना जाणवत राहिलं. आपल्या गावात संध्याकाळनंतर कोण कुठं बसतं, कोण कोणाच्या घरी पाणी पीत नाही, बातमी कोणत्या ओट्यावरून कुठं जाते, हे सगळं वेगळं आहे. वाईट शक्ती आपल्या गावात शिरली तर ती आधी याच फटींतून शिरेल.

निवृत्त मास्तर (उदगीर)

आपण तिघंही गुणांचे हिशोब मांडत आहात. मला मुळातच काही कादंबऱ्यांना शून्य द्यायचं आहे, आणि ते पूर्ण विचारांती.

ताईंनी यादीत भानामती लिहिली. आमच्या सीमाभागात तिचे प्रकार मी नोकरीच्या काळात पाहिले आहेत. घरावर दगड पडतात. दोरीवरचे कपडे पेटतात. बाईच्या अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात. बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजते, त्याला मंत्र लागत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अशा घरांत जाऊन बसले, एकेकाशी बोलले, आणि त्यांनी सोडवलेल्या प्रकरणांत घरातलंच कोणीतरी निघालं. पुष्कळदा गांजलेली सून किंवा दबून गेलेलं पोर. पण तोवर करणी केल्याच्या संशयावरून भावकीतल्या नाहीतर शेजारच्या कोणालातरी मार पडलेला असतो.

परभणी जिल्ह्यातलं मानवत विसरू नका. १९७२ ते १९७४ या काळात तिथं बायकांचे, लहान मुलींचे खून पडले आणि तपासात गुप्तधन, नरबळी, पिंपळाखालचा मुंजा हेच बाहेर आलं. नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा यायला २०१३ साल उजाडलं, तेही डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर. अशा मातीत ज्या कादंबरीत शेवटी मांत्रिक खरा ठरतो, उतारा लागू पडतो, तिला कलेच्या नावाखाली मी एकही गुण देणार नाही. धारपांच्या समर्थकथाही यात आल्या. तिथं एक शक्तिमान पुरुष येऊन अरिष्ट दूर करतो. पिढ्यान्‌पिढ्या देवऋष्याच्या दारात बसलेल्या माणसाला हेच ऐकायचं असतं.

रात्रपाळी (जालना)

मास्तर, तुमच्याबद्दल आदर आहे. पण धारप वाचून कोणी देवऋष्याकडं गेलं असेल असं मला वाटत नाही. जे जातात ते कादंबऱ्या वाचत नाहीत, दवाखाना लांब असतो म्हणून जातात. मी लहानपणापासून भुताची पुस्तकं वाचतो आणि आमच्या घरात लिंबू-मिरची बांधायला विरोध करणारा मी एकटाच आहे. पुस्तकातली भीती कुठं सुरू होते आणि कुठं संपते हे वाचणाऱ्याला कळतं.

गोदाकाठची (गंगाखेड)

मास्तर, तुम्ही सांगितलंत ते ऐकून मी हिल हाऊसला साडेनऊ का दिले ते आता नीट लिहिते, कारण दोन्ही गोष्टी एकमेकींना लागून आहेत.

त्या कादंबरीतली एलेनॉर अकरा वर्षं आजारी आईची सेवा करून सुकून गेलेली बाई. तिला त्या झपाटलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या घरात बोलावणं येतं ते एका जुन्या घटनेमुळं. ती बारा वर्षांची असताना, बाप वारल्यावर महिन्याभरानं, त्यांच्या घरावर तीन दिवस दगडांचा पाऊस पडला होता. आईनं शेजाऱ्यांवर आळ घेतला. दोघी बहिणींना वाटत राहिलं की हे दुसरीचंच काम. एवढंच लिहून जॅक्सन पुढं जाते.

आता हेच गंगाखेडच्या नाहीतर उदगीरच्या गल्लीत ठेवून बघा. बाप गेलेला, दगड पडतायत, आई म्हणते शेजाऱ्यांनी केलं. एक अक्षर बदलावं लागणार नाही. पुढं त्या घरात रात्री भिंतीवर थापा पडतात, आणि नंतर आपल्याला कळतं की आई गेली त्या रात्री तीही भिंतीवर थापा मारून औषध मागत होती आणि एलेनॉरला जाग आली नव्हती. घर झपाटलेलं आहे की ही बाई, याचं उत्तर शेवटपर्यंत मिळत नाही. ना मांत्रिक, ना उतारा, आणि कार्यकर्त्याचा खुलासाही नाही. ती बाई मात्र आपल्याला पूर्ण कळते.

तुम्ही ज्या सुनेबद्दल लिहिलंत, जिच्या हातून कपडे पेटतात, तिची कादंबरी कोणी लिहिली? प्रबोधनात ती पकडली जाते, भयकथेत ती बाधित ठरते. रात्री तिला स्वतःच्या हातांचीच भीती वाटत असेल, ती लिहायला भयकादंबरीच लागेल. मी त्या पुस्तकाची वाट बघतेय.

निवृत्त मास्तर (उदगीर)

ताई, दगडांचा प्रसंग आपण सांगितलात तो विलक्षण आहे, पुस्तक मिळवून वाचेन. पण उत्तर न देण्याची चैन लेखकाला कुठं परवडते याचाही विचार करा. जिथं संशयावरून माणसाला झाडाला बांधतात तिथं 'कदाचित खरंही असेल' एवढी फट ठेवणं मला धोक्याचं वाटतं. त्या सुनेची कादंबरी व्हावी, जरूर व्हावी. तिचा हात कोणाचा हे मात्र लेखकानं स्पष्ट सांगावं.

गोदाकाठची (गंगाखेड)

स्पष्ट सांगितलं की वाचक सुटकेचा श्वास टाकून पुस्तक मिटतो, मास्तर. मला त्याला सोडायचं नाही. इथं आपलं जमणार नाही.

माळवद (औसा तालुका)

सगळं वाचलं. एकाच गोष्टीवर बोलतो. ताईंनी यादीत आसरा, चकवा, भानामती यांच्या रांगेत किल्लारी लिहिलंय. ते काढा.

माझं आजोळ त्या बावन्न गावांतलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटं. गणपती बुडवून माणसं झोपली होती. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून बांधलेलं घर तेच अंगावर आलं. हे आमच्यासाठी थरार नाही. कोणी त्यात भूत घालून कादंबरी लिहिली आणि तुम्ही 'जागेला पाचपैकी पाच' दिले, तर मला ते सहन होणार नाही.

गोदाकाठची (गंगाखेड)

दादा, तुमचा राग समजते, पण नाव काढणार नाही. भूत घालायची गोष्टच मी करत नाहीये. आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथं धक्क्यांवर धक्के बसले होते. लोक घाबरले, बाहेर झोपले, मग धक्के थांबले आणि माणसं पुन्हा त्याच माळवदाखाली गेली. ते मधलं वर्ष कोणीतरी लिहायला हवं. रोज संध्याकाळी आढ्याकडं बघून आत जाणारी माणसं. न लिहिल्यानं ती आणखी लवकर विसरली जातात.

शिवारफेरी (वसमत)

माळवद दादा, माझं मत तुमच्या उलट आहे. आमच्या पांगरा शिंदे भागात जमिनीतून आवाज येतात, वर्षानुवर्षं येतायत. तज्ज्ञ येऊन यंत्रं लावतात, बातमी छापून येते. रात्री आवाज झाला की लेकरं घेऊन अंगणात जायचं, थोडा वेळ थांबायचं, आत यायचं. आमच्या या भीतीला कुठल्याच पुस्तकात जागा नाही. कोणी प्रामाणिकपणे लिहिलं तर मी पहिली प्रत विकत घेईन.

माळवद (औसा तालुका)

तुमचं घर उभं आहे, म्हणून तुम्ही लिहा म्हणता. ज्यांचं पडलं त्यांना आधी विचारा, एवढंच माझं म्हणणं.

रात्रपाळी (जालना)

हिल हाऊस मोबाईलवर मिळवलं, इंग्रजी असल्यानं शब्द शोधत शोधत वाचलं. माझे आठ. 'लुचाई'चे नऊ तसेच.

ताई, जागा, माणसं, बाईचं मन, तुम्ही लिहिलंत ते सगळं आहे. पण दार ठोकतात ती रात्र वाचताना मी पाळी संपल्यावर एकट्यानं घरी निघालो नाही, सोबत्याच्या गाडीवर आलो. तुमच्या हिशोबात त्या पानांना दहापैकी दोनच मिळतात. ती पानं काढून टाका आणि मग सांगा, तुमच्या साडेनऊतले किती उरतात.