कर्णाच्या तोंडून ऐकलं, म्हणून द्रौपदीला दोषी धरायचं?

बाळीवेसकर
आमच्या वाचकगटात 'मृत्युंजय'वर बोलणं चाललं होतं. एक ताई म्हणाल्या, "स्वयंवरात तिनं सूतपुत्राला झिडकारलं, मग सभेत ऐकावं लागलंच की." कुणी हरकत घेतली नाही. मला ते फार लागलं.

शिवाजी सावंतांच्या या १९६७ सालच्या कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण स्वतः बोलतात. दुर्योधनालासुद्धा आपली बाजू मांडायला मिळते, द्रौपदीला नाही. सभापर्वात कर्ण तिला भर सभेत 'बंधकी', म्हणजे वेश्या म्हणतो आणि पांडवांची व तिची वस्त्रं उतरवायला दुःशासनाला सांगतो. कादंबरीत ती सभा आपण तिच्या डोळ्यांनी एकदाही पाहत नाही. 'मी' म्हणून बोलणाऱ्याचं दुःख आपलं होतं आणि त्याची भांडणंही आपली होतात. ज्याला बोलू दिलेलं नाही त्याची बाजू शोधणं वाचकाचं काम आहे. ते टाळणं हा मला अन्याय वाटतो.

पूर्वभाग
दादा, रागावू नका, पण हे पटलं नाही. माझे वडील यंत्रमागावर होते. शस्त्रस्पर्धेच्या रंगभूमीवर कर्णाला कूळ विचारलं जातं, त्या पानावर त्यांनी पेन्सिलीनं इतक्या रेघा ओढल्यात की कागद पातळ झालाय. त्यांनाही तो प्रश्न लोकांनी विचारला होता. पिढ्यान् पिढ्या पांडवांच्या बाजूनं ऐकलेली गोष्ट एकदा दुसऱ्या बाजूनं ऐकली, तर लगेच उलटतपासणी? कादंबरी म्हणजे कोर्ट न्हवं की ओ.

जुळे_सोलापूर
'अविश्वसनीय निवेदक', म्हणजे ज्याच्या सांगण्यावर पूर्ण विसंबता येत नाही असा गोष्ट सांगणारा, ही संज्ञा वेन बूथ या अमेरिकी समीक्षकानं १९६१ मध्ये रूढ केली. निवेदकाचं बऱ्यावाइटाचं मोजमाप आणि लेखकाचं मोजमाप यांत अंतर असावं लागतं. निवेदकाला नकळत लेखक आपल्याला खूण करतो. अकुतागावा या जपानी लेखकाच्या १९२२ सालच्या 'झाडीत' या अर्थाच्या कथेत एका मृत्यूबद्दल सात जबान्या आहेत. दरोडेखोर म्हणतो मी मारलं, बायको म्हणते मी मारलं, आणि मेलेला नवरा मांत्रिकीच्या तोंडून म्हणतो मी स्वतःला संपवलं. तिथं वाचक आपोआप सावध होतो. 'मृत्युंजय'मध्ये मला अशी खूण दिसत नाही. आवाज अनेक, पण सगळे मिळून कर्णाची उंचीच वाढवतात. लेखकाचाच त्याच्यावर जीव आहे. त्यामुळं इथं सावध राहणं जास्त अवघड, आणि बाळीवेसकरांचा मुद्दा मला म्हणूनच वजनदार वाटतो.

बाळीवेसकर
आणि ज्या अपमानावर ताईंचा सगळा हिशेब उभा आहे, ते 'नाहं वरयामि सूतम्' (मी सूताला वरणार नाही) हे वाक्य, हस्तलिखितं ताडून तयार केलेल्या महाभारताच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीनं मूळ संहितेत ठेवलेलंच नाही. सुखटणकरांनी संपादलेलं आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झालं. पण हे वाक्य आपण अजून पुराव्यासारखं वापरतो.

पूर्वभाग
संहितेतून वगळलं म्हणून लोकांच्या तोंडचं वाक्य जात नाही. आणि समजा ती तसं म्हणालीही असेल, तरी सभेतल्या वागण्याला माफी नाही. हे मला कादंबरी वाचूनही कळतं, वडिलांनाही कळत होतं. कर्णावर जीव लावला म्हणजे त्याचं सगळं पदरात घेतलं असं नाही. तुम्ही वाचकाला फार भोळा समजता. ताई चुकल्या असतील तर ताईंना सांगा, कादंबरीला कशाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करता?

साखरपेठ
मी शाळेत मराठी शिकवते. नववीच्या वर्गाला द्यूतसभा द्रौपदीच्या तोंडून लिहायला सांगितली होती. बहुतेकींनी शाप आणि रडणं लिहिलं. एकीच्या पानावर कर्णाचं नावच नव्हतं. तिची द्रौपदी फक्त तो सभापर्वातला प्रश्न विचारत राहते: धर्मराज आधी स्वतःला हरले की मला? मुलीला विचारलं, कर्ण कुठं गेला? म्हणाली, "बाई, तिला उत्तर देणारा माणूस पाहिजे होता. तो देणारच नव्हता." हीच मुलगी कर्णाची भक्त आहे, 'मृत्युंजय' दोनदा वाचलंय तिनं. त्यामुळं पूर्वभाग म्हणतात तसा वाचक असतो, हे मी पाहिलंय. पण तिला कुणीतरी तसं लिहायला सांगावं लागलं, हेही खरं.

बाळीवेसकर
बाई, मग गटात आधी सभापर्वातला तो भाग वाचू आणि मग कादंबरी.

पूर्वभाग
वाचू की. पण कादंबरी आधी. पहिल्या पानापासून संशय घेऊन बसलं तर कर्णाचं काही ऐकूच येणार नाही.